ढाल, शाईन आणि एक साठांश सेकंद
(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)

पेपर अवघड गेला की आपण सिलॅबसला नावं ठेवतो आणि गेम हरलो की कंट्रोलरला. मी पूर्ण एक सेमिस्टर कंट्रोलरला नावं ठेवली. बटण अडकतं, स्टिक ढिली झालीय, टीव्ही स्लो आहे, एक ना दोन. रूमपार्टनर शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पुन्हा हरवायचा. त्याची पद्धत एकच. मी झेप घेऊन वार करायचो, तो ढाल धरायचा, माझा वार ढालीवर आपटायचा आणि पुढच्या क्षणी त्याने माझी गचांडी धरलेली असायची. मेसच्या रांगेतसुद्धा तो मला बघून नुसता ढालीसारखा हात पुढे करायचा. हॉस्टेलमध्ये अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही.

तर हा लेख त्या ढालीबद्दल आहे. ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनीही वाचावा, कारण यात मेट्रॉलॉजी आहे, थोडं स्टॅटिस्टिक्स आहे आणि शेवटी शेवटी मृदंगही आहे.

गेमचं नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले'. (हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमची आजी दचकून म्हणाली, "कोण मेले?") जपानच्या हॅल लॅबोरेटरीने मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली तो निन्टेंडोच्या गेमक्यूबसाठी बनवला आणि २१ नोव्हेंबर २००१ रोजी जपानमध्ये तो बाजारात आला. वीस वर्षांहून जुना गेम, पण त्याच्या स्पर्धा अजून भरतात. २०१३ साली अमेरिकेतल्या 'एव्हो' या मोठ्या स्पर्धेत आठवा गेम कुठला घ्यायचा यासाठी स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाला देणगी गोळा करण्याची चुरस लावली होती. मेलेवाल्यांनी ९४,६८३ डॉलर जमवून आपला गेम आत घुसवला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तिथे जिंकला तो जोसेफ मार्केझ ऊर्फ 'मँगो'.

आता ढाल. बटण दाबून धरलं की खेळाडूभोवती रंगीत फुगा तयार होतो. तोपर्यंत वार लागत नाही, मात्र फुगा लहान होत जातो. नुसती धरून ठेवली तरी ढाल काही सेकंदांत संपते, आणि फुटली तर माणूस भोवळ आल्यासारखा उभा राहतो. म्हणजे ढाल हे उधारीचं संरक्षण आहे. पण धरणाऱ्याच्या हातात एक हुकमी पत्ता असतो: ढालीतूनच थेट समोरच्याला पकडणं. माझा रूमपार्टनर मार्थ घेऊन खेळतो. मार्थची पकड बटण दाबल्यापासून सातव्या फ्रेमला लागते.

फ्रेम म्हणजे काय? हा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. गेमच्या दृष्टीने काळाचा याहून लहान तुकडाच नाही. मग सगळा हिशोब पूर्णांकात येतो, आणि जेसन झिमरमन ऊर्फ 'मेव्टूकिंग' यासारख्या खेळाडूंनी सुरुवातीच्या काळात चालींचे हे फ्रेमचे आकडे स्वतः मोजून काढले. आपल्याकडे प्रॅक्टिकलची रीडिंग कशी 'काढली' जातात ते आठवून मला जरा लाज वाटली.

आता माझं काय चुकत होतं ते आकड्यांतच बघा. मी फॉक्स घेऊन खेळतो. फॉक्सने हवेतून मारलेली साधी लाथ जमिनीलगत ढालीवर बसली, की ढालवाला साधारण ७ फ्रेम जखडला जातो. इकडे फॉक्स जमिनीवर टेकल्यावर १५ फ्रेम अडकून पडतो. पण टेकण्याआधीच्या ७ फ्रेममध्ये एल बटण दाबलं तर हे अडकणं अर्ध्यावर, म्हणजे ७ फ्रेमवर येतं. याला एल-कॅन्सल म्हणतात. एल-कॅन्सल साधलं तर दोघंही साधारण बरोबरच मोकळे होतात आणि फॉक्सकडे तोवर एक भारी हत्यार तयार असतं. चुकलं तर ७ अधिक ७, चौदाव्या फ्रेमच्या आसपास मार्थचा हात माझ्या मानेवर, आणि मी अजून जमिनीला चिकटलेलोच. सेमिस्टरभर हेच चाललं होतं. कंट्रोलर बिचारा निर्दोष होता.

ते भारी हत्यार म्हणजे शाईन. फॉक्सभोवती निळा षटकोन चमकतो तो. दाबल्याच्या पहिल्याच फ्रेमला लागतो, म्हणजे याहून जलद काही असूच शकत नाही. शिवाय चौथ्या फ्रेमपासून तो उडी मारून मोडता येतो. उडी म्हटलं की फॉक्स आधी ३ फ्रेम गुडघे वाकवतो आणि मग जमीन सोडतो. जमीन सुटल्याच्या अगदी पहिल्या फ्रेमला परत शाईन दाबला तर तो जमिनीवरच लागतो. शाईन, उडी, शाईन, उडी. याला मल्टिशाईन म्हणतात, आणि हे जमलं तर ढालवाल्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. एक फ्रेम उशीर झाला की फॉक्स हवेत. लवकर दाबलं तर बटण वायाच गेलं.

इथे बहुतेक जण म्हणतात, "मग हात फास्ट पाहिजे." मीही तेच समजलो. पण विचार करा, डोळ्यांनी काही बघून बोट दाबायला माणसाला २०० मिलिसेकंद तरी लागतातच. म्हणजे १२ फ्रेम. एका फ्रेमची गोष्ट बघून करणं कोणालाच शक्य नाही, मँगोलाही नाही. तुमचं बोट खाली येतं ते बारा फ्रेमपूर्वी घेतलेल्या निर्णयानुसार. आमच्या वालूरला जुनी बारव आहे, गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती साफ केलीय. परभणीकडे आलात तर सेलू तालुक्यात वाट वाकडी करून जरूर बघा. त्या पायऱ्या उतरताना पहिल्या चार-पाच आपण बघून उतरतो. नंतर पायच उतरत जातो, पुढची पायरी कुठे असणार हे त्याला ठाऊक असतं. टायमिंग म्हणजे हेच. चपळाईशी त्याचा फारसा संबंध नाही.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी पी.एल.मध्ये रोज रात्री तीन-तीन तास पूर्ण वेगात मल्टिशाईन ठोकत बसलो. महिन्याभरात उजव्या मनगटातून अंगठ्याकडे कळ यायला लागली. पेपरला तिसऱ्या तासाला पेन धरवेना. शेवटचा दहा मार्कांचा प्रश्न येत असून सोडून आलो. घरी सांगायची सोय नव्हती. हे गंमत म्हणून सोडून देऊ नका. न्यूयॉर्कचा अझीझ अल-यामी ऊर्फ 'हॅक्स' फॉक्सवाल्यांमधला नावाजलेला खेळाडू होता. त्याचे हात इतके दुखावले की शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि पुढे त्याने स्टिकऐवजी नुसती बटणं असलेला वेगळा कंट्रोलरच बनवला. हात दुखायला लागला की थांबायचं, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो. मावसभावाने अमेरिकेहून परत येताना भंगारात जाणारा गेमक्यूब आणला होता, तो मी सोबत नेला होता. अमेरिकन अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावायचा नसतो. पण गेमक्यूबला आत १२ व्होल्ट डीसीच लागतं, त्यामुळे तो प्रश्न सुटला. टीव्हीचा प्रश्न मात्र माळ्यावर सुटला. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावला ज्यांचा कारखाना होता त्या व्हिडिओकॉनचा जुना, पाठीमागे पोट सुटलेला पिक्चर ट्यूबवाला टीव्ही तिथे पडून होता. नव्या सपाट टीव्हीत आलेलं चित्र आधी आत साठवलं जातं, त्यावर प्रक्रिया होते आणि मग ते दिसतं. त्यात काही फ्रेम उशीर सहज होतो. पिक्चर ट्यूबमध्ये सिग्नल येईल तसं चित्र रंगवलं जातं. म्हणून आजही मेलेच्या स्पर्धांना लोक असले जडशीळ डबे पाठीवर घालून नेतात. म्हणजे अमेरिकेत ज्याच्यासाठी वणवण करतात ते आमच्याकडे माळ्यावर, वर गोधड्या ठेवायला वापरत होते.

तीन रंगाच्या वायरी लावल्या, तर चित्र काळंपांढरं! आमचे सर म्हणायचे ते आठवलं: आपल्याकडची पद्धत पाल, अमेरिकेची एनटीएससी. रंगाचा सबकॅरियर पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झ आणि एनटीएससीत ३.५८. आमच्या टीव्हीला तो रंग ओळखता येत नव्हता, पण सेकंदाला ६० वेळा येणारं चित्र त्याने बिनतक्रार उचललं. मला तेवढंच पाहिजे होतं. दिवाळीभर मी काळापांढरा फॉक्स खेळलो. लाहोरच्या अर्सलान ऐशने २०१९ या एकाच वर्षात टेकेन ७ मध्ये एव्हो जपान आणि अमेरिकेतली एव्हो दोन्ही मारल्या, तेव्हा तो अशा गावातून आला होता जिथून कोणी जिंकेल असं कोणाला वाटत नव्हतं. रंगीत टीव्ही नाही म्हणून रडायचं कारण नव्हतं.

पहिल्याच रात्री आबा दारात येऊन उभे राहिले. आबा गावच्या भजनात मृदंग वाजवतात. टीव्हीकडे त्यांनी पाहिलंच नाही, कान फक्त बटणांच्या आवाजाकडे.

"हे काय खटखट करायलास रे?"

"प्रॅक्टिस आहे आबा. हात बसवायलोय."

"हात कुठं बसायलाय, पळायलाय तुझा हात. आधी ठाय धर."

एवढं बोलून झोपायला गेले. मृदंग शिकताना बोल आधी ठाय लयीत घ्यायचा, तो तिथे निर्दोष बसला की दुगुण, मग चौगुण. ठायीत जो हलतो तो चौगुणीत पडतोच, फक्त तिथे त्याला का पडलो ते कळत नाही. मी सेमिस्टरभर थेट चौगुण वाजवत होतो. चुकायचो, पण लवकर दाबलं म्हणून चुकलो की उशिरा, हे मला कधीच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेनिंग मोडमध्ये वेग कमी करून सुरुवात केली. अर्ध्या वेगात एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची होते. प्रत्येक चुकीनंतर वहीत फक्त एक अक्षर: 'ल' किंवा 'उ'. लवकर किंवा उशिरा. पान भरल्यावर बघितलं तर जवळजवळ सगळीकडे 'ल'. मी हळू नव्हतोच कधी! घाईत होतो. वीस मिनिटं सराव, दहा मिनिटं हात मोकळा, आणि मनगट दुखलं की त्या दिवशी बंद. सहाव्या दिवशी पूर्ण वेगात आलो तेव्हा हातात तीच चाल होती, फक्त लय वाढलेली.

इंजिनिअरिंगचा किडा असल्यामुळे एवढ्यावर भागलं नाही. मोबाईल कंट्रोलरजवळ ठेवून बटणांचा आवाज रेकॉर्ड केला आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत उघडला. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे एका फ्रेमला बरोबर ७३५ सॅम्पल. दोन खटक्यांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजायचं आणि ७३५ ने भागायचं. फुकटातलं मोजमापाचं साधन तयार. त्यावरून जे कळलं ते एम-थ्रीच्या लेक्चरला कळायला हवं होतं. समजा तुमचा हात सरासरीने अगदी बरोबर जागी पडतो, पण मागेपुढे होण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन एक फ्रेम आहे. तर एका फ्रेमच्या खिडकीत तो शंभरात साधारण ३८ वेळा बसेल. डेव्हिएशन अर्धा फ्रेम केलं तर ६८ वेळा. वाटतं दुपटीचाही फरक नाही. पण सलग पाच वेळा साधायचं म्हटलं की पहिल्याला हजारात ८ वेळा जमेल आणि दुसऱ्याला १५० वेळा! मल्टिशाईन बाहेरून जादू वाटते ती या घातांकामुळे.

एल-कॅन्सलचं उलट आहे. तिथे खिडकी ७ फ्रेमची. एका फ्रेमचं डेव्हिएशन असलेला माणूस खिडकीच्या मध्यावर नेम धरेल तर चुकणारच नाही. तरीही आपण चुकतो, कारण खिडकी कुठे आहे हेच आपल्याला माहीत नसतं. वार लागला की गेम दोघांनाही क्षणभर गोठवतो. जेवढा वार मोठा तेवढं जास्त: फॉक्सच्या त्या लाथेला, ती ताजी आणि पूर्ण ताकदीची असेल तर, ७ फ्रेम आणि शाईनला ४. म्हणजे लाथ ढालीवर बसली की जमीन ७ फ्रेम उशिरा येते. मोकळ्या हवेत लाथा मारून घोटवलेलं बोट त्या आधीच खाली येतं. मल्टिशाईनलाही हेच लागू. एकट्याने शिकलेली लय ढालीवर प्रत्येक शाईनला ४ फ्रेमने ताणली जाते. मोजमापाच्या भाषेत, मल्टिशाईनमध्ये हात विखुरतो आणि एल-कॅन्सलमध्ये नेमच सरकलेला असतो. दोन्हींवर औषध वेगळं आहे आणि मी दोन्हींवर 'अजून फास्ट' हे एकच औषध घेत होतो.

म्हणजे सराव खऱ्या ढालीवरच करायला हवा होता. ढाल कोण धरणार? धाकटा चुलतभाऊ. दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, बटण अर्धंच दाब. गेमक्यूबचं एल बटण दाबाप्रमाणे कमीजास्त होतं. हलकं दाबलं की ढाल मोठी, फिकट आणि जास्त वेळ टिकणारी होते. (हलक्या ढालीवर आकडे बदलतात, त्यामुळे हात बसल्यावर पूर्ण दाबायला लावलं.) पहिल्या दिवशी तो खुशीत होता. दुसऱ्या दिवशी त्याने बटणाला रबरबँड लावलं आणि फराळाला निघून गेला. ढाल आपोआप संपली, फुटली, आणि मार्थ एकटाच भोवळ येऊन डुलत राहिला.

एक गोष्ट मात्र या सगळ्या आकड्यांत येत नाही. लय जमली की ती समोरच्यालाही ऐकू येते. चार वेळा तुम्ही लाथ-शाईन, लाथ-शाईन केलंत की पाचव्या वेळी तो बरोबर मधल्या फटीत बाजूला लोळतो किंवा जागच्या जागी वार चुकवतो. म्हणून ढालीवरचा दाब म्हणजे एकसारखं ठोकणं नव्हे. शाईननंतर कधी लगेच उडी, कधी अर्धा क्षण थांबून बघायचं, आणि कधी सरळ चालत जाऊन आपणच त्याला पकडायचं, कारण ढाल पकडीला अडवत नाही. पण हे थांबणंही लयीतच असावं लागतं. कीर्तनात मृदंगवाला हात उचलून धरतो आणि समेवर बरोबर येतो, तसं. ज्याला सम माहीत नाही तो थांबला की नुसता चुकल्यासारखा दिसतो. मला हे अजून दहातून दोन-तीनदा जमतं.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो त्या रात्री रूमपार्टनरने सवयीने ढाल धरली. लाथ, शाईन, उडी, लाथ, शाईन. ढाल लहान होत होत चिंचोक्याएवढी झाली. त्याने पकडायला हात काढला तेव्हा तिसरा शाईन लागला आणि तो स्टेजबाहेर. तो काही बोलला नाही. फक्त उठून दार लावून घेतलं. त्या रात्री पाचात तीन मी जिंकलो, आणि पुढचा आठवडाभर मेसच्या रांगेत कोणी हात पुढे केला नाही.

आठवड्याने त्याने उत्तर शोधलं. ढाल धरून स्टिक हळूच वर झुकवली की फुगा वर सरकतो. माझी लाथ मग आधीच, हवेत वरच त्याला लागते, गोठणं तिथे होतं आणि जमीन अजून लांब असते. बोट खाली येतं ते पुन्हा लवकर. वहीत परत 'ल'ची रांग सुरू झालीय. घरी फोन करून चुलतभावाला सांगितलं की या उन्हाळ्यात ढाल वर झुकवून धरायची आहे. तो म्हणाला, "दादा, या खेपेला ढाल तू धर. फॉक्स मी घेणार."